एकतीस टक्के

छापील किमतीला वस्तू घेणाऱ्या माणसाची कोटेशनरावांना मनापासून कीव येई. दुकानात पुढे उभा असलेला कुणी घासाघीस न करता पैसे मोजून पंखा उचलून चालता झाला, की हे त्याच्या पाठीकडे बघत राहत. पाकीट पडलेल्या माणसाला हाक मारावी की नाही, अशा विचारात आपण पडतो ना, तसे.

हे नाव त्यांना कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं. पाण्याचे पंप बनवणारा कारखाना, आणि त्याच्या खरेदी खात्यात हे अठ्ठावीस वर्षं ठाण मांडून बसलेले. बेअरिंगपासून हातमोज्यांपर्यंत जे काही आत येई ते यांच्या टेबलावरून. नियम साधा होता. तीन दुकानदारांकडून बंद पाकिटात भाव मागवायचे, ते एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे, आणि ज्याचा भाव सगळ्यांत कमी त्याला फोन करून सांगायचं, की तुमचा भाव फार जास्त आहे. हे शेवटचं नियमात नव्हतं. ती त्यांची स्वतःची भर.

आणखी दोन गोष्टी त्यांनी स्वतःच्या अनुभवातून कानाला खडा लावून ठरवल्या होत्या. एक, मागणीच्या चिठ्ठीवर आधीच दुकानाचं नाव लिहून आलं, तर समजायचं की कुणाचे तरी हात ओले होताहेत. दोन, 'आजच घ्या' म्हणणाऱ्याला उत्तर पुढच्या आठवड्यात द्यायचं, कारण घाई नेहमी विकणाऱ्याला असते. या दोन गोष्टींनी कारखान्याचे इतके पैसे वाचवले, की मालकांनी त्यांना एकदा समारंभ करून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ मालकांनी केवढ्याला घेतलं ते यांनी नंतर हळूच काढून आणलं आणि दोन दिवस हळहळत होते.

घरीही हाच खाक्या. फ्रिज यायला पाच आठवडे लागले, तेही भर उन्हाळ्यात. दुसऱ्या एखाद्या बाईने डोकं आपटून घेतलं असतं, पण त्यांच्या बायकोला त्याची गंमत वाटे. ती सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पोरं तिला कोचबाई म्हणत, आपणही तसंच म्हणू. नवी वस्तू घरात आली की त्या दोघांचा एक खेळ चाले. यांनी खोकं टेबलावर ठेवायचं, हाताची घडी घालायची, आणि तिने ओळखायचं किती टक्के पाडले. तिचा अंदाज कमी निघाला की हे आठवडाभर खुशीत असत. नंतर नंतर ती मुद्दामच कमी सांगायला लागली होती, हे त्यांना कधी कळलं नाही.

कोचबाईंच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. तलावावर छप्पर होतं. चाळीस-पन्नास पोरं एकदम पाण्यात उतरली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. बाकीचे शिकवणारे शिट्टी वाजवत. कोचबाईंची शिट्टी खुंटीला टांगलेली असे. त्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि म्हणत, "निळी टोपी, गुडघे वाकवू नकोस," आणि सगळ्या पट्ट्यांतल्या सगळ्या निळ्या टोप्या पाय ताठ करत. घरीही आवाज तेवढाच. आज भाजी खारट झाली हे शेजारच्यांना यांच्याआधी कळे. हे म्हणत, "अगं हळू, भिंतीपलीकडे जातंय सगळं." ती म्हणे, "जाऊ दे की. चोरी केलीय का आपण?"

आधी 'स' बिघडला. कोचबाईंना वाटलं दाताचं काहीतरी आहे, म्हणून त्या दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. मग घशाच्या डॉक्टरकडे. घशाच्या डॉक्टरने नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि त्याने चार-पाच तपासण्या करून, दोघांना समोर बसवून, काही आडपडदा न ठेवता सांगितलं. जिभेच्या आणि घशाच्या स्नायूंना मेंदूकडून येणारे निरोप बंद पडत चालले आहेत. हात-पाय पुढे कधीतरी. वाचा मात्र आधी जाणार. यावर औषध नाही.

परत येताना दोघं बसमध्ये शेजारी बसले होते. कोचबाई म्हणाल्या, "तुमचं बरंय. घरात शांतता." कोटेशनराव हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून बसले ते घर येईपर्यंत.

डॉक्टरांनी त्यांना एका बाईंकडे पाठवलं होतं. बोलण्यावर उपचार करणाऱ्या त्या बाईंच्या खोलीत एक टेबल, एक आरसा आणि लहान मुलांची चित्रं होती. कोचबाईंना त्यांनी परिच्छेदभर वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाल्या, "अजून हा आवाज तुमचा आहे. थोडा जड झालाय, पण ओळखू येतो. आपण तो ठेवून देऊ शकतो."

तो कसा, तेही त्यांनी समजावलं. एक प्रोग्रॅम आहे. त्यात तीनशे वाक्यं वाचायची. त्या वाचण्यावरून तो माणसाचा आवाज शिकतो. पुढे बोलता येईनासं झालं की माणूस अक्षरं टाइप करतो, आणि मशीन ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग चालत नाही, कारण प्रोग्रॅम एकेक वाक्य तपासून घेतो. उपचारकेंद्र पेशंटला कायमचा लॅपटॉप देतं, पण त्याला अडीच महिन्यांची रांग आहे. कुणाचा मागून आणूनही भागणार नाही, कारण ज्या मशीनवर आवाज तयार होतो त्याच मशीनवर तो राहतो.

"आमच्याकडे आहे एक लॅपटॉप," कोटेशनराव म्हणाले.

बाईंनी त्याचं वय विचारलं. अकरा वर्षं, हे ऐकून त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग एका कागदावर लॅपटॉपचं मॉडेल लिहिलं आणि त्याखाली दुकानाचं नाव लिहिलं.

"याच आठवड्यात घ्या," त्या म्हणाल्या. "किंमत बघत बसू नका."

त्या बाईंना काय माहीत, समोर कोण बसलंय. हेच वाक्य कोटेशनरावांनी अठ्ठावीस वर्षं ऐकलं होतं. बेअरिंगवाल्यांकडून, रंगवाल्यांकडून, हातमोजेवाल्यांकडून. आणि वर दुकानाचं नाव. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि जिना उतरताना कोचबाईंना म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. पण दुकानाशी काहीतरी संधान दिसतंय."

कोचबाई म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

वाईटपणा म्हणाल तर त्यांच्यात नव्हता. बायकोवर जीव होता, आणि जीव असला की आपल्याला जे उत्तम येतं ते माणूस करतो. त्यांना भाव पाडता येत होता. एवढा मोठा घाला पडला असताना हातात काहीतरी करण्यासारखं आलं, याचं त्यांना बरंच वाटलं असणार. घरी आल्या आल्या त्यांनी रेघा मारून तक्ता आखला.

लेक दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत नोकरीला होती. दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा, पण हे ऐकल्यावर तिने मंगळवारीच केला. "बाबा, मी पैसे पाठवलेत. आत्ता दुकानात जा आणि जो सांगतील तो घेऊन या. तुमचं ते तीन पाकिटांचं काही करू नका."

"अगं, तुझे पैसे काय झाडाला लागलेत का," ते म्हणाले. "दोन-चार दिवस दे मला."

"नक्की दोन-चार?"

"नक्की."

पहिला आठवडा तीन भाव गोळा करण्यात गेला. बाईंनी लिहिलेल्या दुकानात ते सगळ्यांत शेवटी गेले, हाताची घडी घालूनच. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची होती. तिने बॉक्स काढून काउंटरवर ठेवला आणि किंमत सांगितली. इतर दोघांच्या जवळपासच होती. यांनी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. ती म्हणाली, "तुम्हाला घाई नसेल तर महिनाअखेर या. याचं नवीन मॉडेल येतंय. हे मग पडेल."

इथे कोटेशनरावांचे डोळे चमकले. जी दुकानदारीण 'आजच घ्या' म्हणत नाही, ती खरं बोलत असणार. म्हणजे बाईंचं आणि हिचं संधान नव्हतंच, हेही त्याच वेळी त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. पण त्यांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. महिनाअखेर तीन आठवड्यांवर होती. आणि बाईंनी स्वतःच सांगितलं होतं की अजून आवाज ओळखू येतो. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी अशी एकही वस्तू पाहिली नव्हती जी तीन आठवडे थांबल्याने महाग पडली.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुना लॅपटॉप बदल्यात देण्यासाठी स्वच्छ केला. कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक बटण पुसलं. कोचबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या. पूर्वी अशा वेळी त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असे. त्या आठवड्यात त्या कमी बोलत होत्या. बोलल्या की वाक्यं छोटी असत. "पाणी देता?" "दार लावा." वाण्याचा फोन आला की त्या तो यांच्या हातात देत. तलावावरच्या खुंटीची शिट्टी गळ्यात आली होती, हे यांना तलावाच्या पहारेकऱ्याने सांगितलं. कोटेशनरावांनी हे सगळं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दमली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला जे समजावतो ना, त्याला तीन भाव कुणी मागत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ते कारखान्यातून जवळजवळ पळत आले. नवीन मॉडेल जाहीर झालं होतं आणि जुन्याचा भाव सोमवारी पडणार होता. बदल्यात जुना लॅपटॉप दिला की आणखी थोडा. बँकेच्या कार्डावर वेगळी सूट. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच दारातून सगळं सांगितलं. कोचबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ओला हात पदराला पुसत. त्या काहीतरी बोलणार होत्या असं त्यांना वाटलं. पण त्या नुसत्या हसल्या आणि आत गेल्या.

रविवारी लेकीने विचारलं, तेव्हा त्यांनी उद्या आणतोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तीन आठवडे झाले." तिने आईला फोन द्यायला सांगितलं. आईची आंघोळ चालू होती.

सोमवारी, बाईंनी कागद लिहून दिल्याला सव्विसावा दिवस होता. कोटेशनराव अर्धी रजा टाकून दुकानात गेले, आणि दुपारी दोनच्या सुमाराला खोकं घेऊन घरात शिरले. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. हाताची घडी घातली.

कोचबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी खोक्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

त्या पुन्हा म्हणाल्या. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि तोंडातून जे आलं त्याला कडा नव्हत्या. भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखं ते सगळं एकमेकांत उतरलं होतं. रोज घरात दोन-दोन शब्दांवर भागत होतं, आणि ते दोन शब्द कुठले असणार हे यांना आधीच माहीत असे, म्हणून ते समजत होते. आज समोर एक आकडा होता. आकडा कुठलाही असू शकतो.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. त्यांचे हात अजून छातीवर घडी घातलेले होते.

तिसऱ्यांदाही त्यांना कळलं नाही. कोचबाईंनी वाण्याच्या यादीचा कागद ओढला आणि पेन्सिलीने त्यावर लिहिलं. तीस.

"एकतीस," कोटेशनराव म्हणाले. त्यांनी हात सोडले आणि खाली बसले.

तरी त्यांनी प्रोग्रॅम घालून घेतला. संध्याकाळी खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, फ्रिजसुद्धा बंद केला. पडद्यावर पहिलं वाक्य आलं. 'आज दुपारी पाहुणे येणार आहेत.' कोचबाईंनी पाठ ताठ केली, पूर्वी काठावर उभ्या राहत तशी, आणि वाचलं. वाक्य बरोबर असेल तर हिरवी खूण येते. लाल गोल आला. पुन्हा म्हणा, अशी सूचना आली.

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा लाल.

'छत्री दाराशी ठेवली आहे.' लाल. 'निळ्या पिशवीत लिंबं आहेत.' लाल, लाल, लाल. सातव्या वाक्याला एकदा हिरवी खूण आली. ते वाक्य होतं, 'हो.' दोघांनाही इतका आनंद झाला की विचारू नका. कोचबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. मग त्या पुढच्या वाक्यांकडे वळल्या आणि तासभर जिद्दीने वाचत राहिल्या. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. आयुष्यभर पोरांना पुन्हा कर, पुन्हा कर म्हणणारी बाई ती. मशीनने पुन्हा म्हणा म्हटलं की निमूटपणे पुन्हा म्हणत होती. शेवटी तीनशेपैकी चार वाक्यं जमली. कोटेशनरावांनीच मग उठून पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच उपचार करणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी ती चार वाक्यं ऐकली. जुना एखादा आवाज आहे का, त्यांनी विचारलं, लग्नसमारंभातला, कसलाही. यांनी तलावावरचे दोन व्हिडिओ दाखवले. त्यात पन्नास पोरांचा कल्ला होता, आणि त्या कल्ल्यात कुठेतरी खोल, छपरावर आपटून येणारी कोचबाईंची हाक. बाई म्हणाल्या, "यातून नाही निघणार." आणि मग, बोलायचं नाही असं ठरवूनही त्यांच्या तोंडून गेलं, "मी तुम्हाला त्याच आठवड्यात घ्या असं का सांगितलं होतं?"

कोटेशनराव उभेच होते. "तुम्ही दुकानाचं नाव लिहिलंत," ते म्हणाले. "मला वाटलं—"

"ते दुकान रविवारी उघडं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला रजा काढायला लागू नये म्हणून लिहिलं."

ते तिथून निघाले आणि कारखान्यात गेले. तक्ते समोर घेऊन बसले. एका दुकानदाराचा फोन आला, भाव कमी करतो म्हणाला, तर हे म्हणाले, "राहू दे, आहे तोच ठेव." त्या दुकानदाराने नंतर दोन ठिकाणी फोन करून विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

प्रोग्रॅममध्ये चार तयार आवाज होते, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. कोचबाईंनी सगळे ऐकले आणि दुसऱ्या बाईचा घेतला. लिफ्टमध्ये कितवा मजला आला ते सांगणाऱ्या मुलीसारखा तो आवाज होता. स्वच्छ, गोड, आणि कुणाशीच न बोलणारा. कोचबाई एका बोटाने टाइप करत. अक्षर शोधायला वेळ लागे. मग बटण दाबलं की ती मुलगी म्हणे, "अहो. दूध उतू जातंय." तोवर दूध गेलेलं असे.

त्या रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा कोटेशनराव बाल्कनीत जाऊन बोलले. रेकॉर्डिंग झालं का, तिने विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

"नीट आलाय का आवाज?"

"छान आलाय. थोडं काम बाकी आहे, मग ऐकवतो." अख्ख्या आयुष्यात त्यांनी लेकीशी खोटं बोललेलं हे पहिलंच नसेल, पण आधीची सगळी तिच्या भल्याची होती. हे त्यांच्या स्वतःसाठी होतं. पलीकडे ती रडायला लागली, बरं वाटून. "बाबा, मला रोज भीती वाटत होती हो. मला वाटत होतं तुम्ही उशीर करणार."

बायकोशी मात्र त्यांना खोटं बोलवेना. गुरुवारी रात्री, जेवणं झाल्यावर, खरकटी ताटं समोर तशीच असताना त्यांनी सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी दुकानात लॅपटॉप होता. लेकीचे पैसे होते. बाईंनी बजावलं होतं. "मी तुझा आवाज घालवला," ते म्हणाले. "एकतीस टक्क्यांसाठी."

कोचबाईंनी लॅपटॉप ओढला. त्या टाइप करायला लागल्या. कोटेशनरावांनी पडद्याकडे बघितलं नाही. बटणांचा एकेक आवाज ऐकत, ताटातल्या भाताच्या शितांकडे बघत बसले. बराच वेळ गेला. मग ती लिफ्टमधली मुलगी बोलली.

"मला कळत होतं. रोज नळ सोडून न्हाणीघरात बोलून बघत होते. त्या बुधवारी 'र' गेला. तुम्ही आलात की सांगणार होते. तुम्ही भाव पडला म्हणून इतके खुशीत आलात. मग नाही सांगवलं."

"सांगायचं होतंस गं," कोटेशनराव म्हणाले. "एकदा म्हणायचं होतंस."

पुन्हा बटणं वाजली. या वेळी थोडीच.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं का."

पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं राहिलं होतं, म्हणून त्या मुलीने ते साध्या वाक्यासारखं, माहिती दिल्यासारखं म्हटलं. कोटेशनराव टेबलावर डोकं ठेवून रडले. कोचबाईंनी त्यांच्या मानेवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने खरकटी ताटं एकात एक सरकवली.

पुढच्या रविवारी लेकीला आधी सगळं खरं सांगायचं, आणि मगच लॅपटॉपजवळ फोन न्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. काय बोलायचं ते त्यांनी सकाळी फिरताना दोनदा म्हणून पाहिलं. पण हे खोटं आपल्याखेरीज कुणालाच माहीत नाही, हे ते विसरले. कोचबाईंना बिचारीला काय ठाऊक? त्यांनी शनिवारी तासभर बसून लेकीला काय काय विचारायचं ते सगळं टाइप करून ठेवलं होतं. महिन्याभरात त्या लेकीशी बोलल्या नव्हत्या. रविवारी अकराच्या आधीच केस विंचरून टेबलाशी येऊन बसल्या. फोन टेबलावरच होता. तो वाजला तेव्हा कोटेशनराव दाराशी कुरिअरवाल्याला सही देत होते. ते धावत आले, तोवर कोचबाईंनी फोन घेतला होता, स्पीकर लावला होता, आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं होतं.

"काय गं बाळा, जेवतेस ना वेळेवर. केस कापलेस म्हणे. फोटो का नाही पाठवलास. मी बरी आहे. तू उगीच काळजी करत बसू नकोस. पुढच्या महिन्यात रजा मिळते का बघ."

पलीकडून लेक बोलली, जपून, अनोळखी माणसाशी बोलावं तशी.

"नमस्कार. आपण कोण बोलताय?"

कोचबाईंनी यांच्याकडे बघितलं. त्यांचं बोट बटणांवर आलं होतं, अक्षर शोधत.

"हॅलो? आईला देता का जरा?"

कोटेशनरावांनी फोन उचलला.

"आईच आहे गं," ते म्हणाले. "मला उशीर झाला."